वाऱ्याच्या परीची एकच फुंकर

बकुळाच्या झोपडीत पीठ थोडं आणि वाट पाहणं फार. आई आजारी पडली म्हणून मामानं तिला तळ्यापलीकडे वैद्यांकडे नेलं, त्याला आता चार महिने झाले. पैलतीरावरचं मामाच्या घराचं इवलंसं लाल छप्पर रोज दिसे, आई मात्र दिसत नसे. बकुळाला आईची इतकी आठवण यायची की काकूनं पुढ्यात ठेवलेलं कालवण तसंच निवून जाई.

म्हणून ती आपली चिमुकली शिडाची होडी घेऊन एकटीच निघायची. पण त्या तळ्यावरचा वारा म्हणजे घडीत असा, घडीत तसा! लबाड अर्ध्या वाटेपर्यंत लाडानं न्यायचा आणि गर्रकन फिरून परत काठाला आणून सोडायचा. तळ्यावरचे लोक पाण्यात उतरताना भाकरीचा पहिला घास वाऱ्याला देत. बकुळाही देई. आज शिदोरीला नुसता चतकोरच होता, तरी तिनं घास मोडला आणि हवेत उडवला.

घास खाली पडलाच नाही. निळ्या-जांभळ्या कमळांवर सोनेरी झगमग झाली आणि झिरझिरीत पंखांची एक एवढीशी परी तो घास मटकावत होडीच्या टोकावर येऊन बसली!

"गोड आहे गं भाकरी," ती म्हणाली. "मी वाऱ्याची परी. सगळे घास देतात आणि लगेच मागणं मागतात. तू कधीच काही मागितलं नाहीस. आज माग."

"मला आयेकडं जायचंय," बकुळा म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

"मग एक फुंकर देते. ऐलतीर म्हण नाहीतर पैलतीर, साऱ्या तळ्यावर तसाच वारा वाहील. पण मागायचं एकदाच हं, राणी. पुन्हा नाही."

बकुळानं तोंड उघडलं, तोच दुरून हाक आली, "वाचवा!" एका होडीचं वल्हं मोडलं होतं आणि वारा तिला पैलतीराच्या काळ्या खडकांकडे रेटत होता.

पैलतीर म्हटलं तर आई भेटणार होती, पण त्या होडीच्या ठिकऱ्या उडणार होत्या. बकुळानं लाल छपराकडे एकदा पाहून घेतलं. तिला हुंदका आवरेना.

"ऐलतीर!" ती रडत रडत म्हणाली. "लवकर गं, परीताई!"

परीनं गुलाबी गाल फुगवले आणि फूऽऽ केलं. तळंभर चंदेरी लाटा उठल्या. ती होडी खडकांपासून सुटली आणि सरसर बकुळाच्या जवळ आली. तिच्यात नावाड्याच्या मागे एक वाळकी, फिकुटलेली बाई काठ धरून बसली होती. ती धडपडत उठली.

"बकू? अगं, ही तर माझी बकू!"

"आये!"

"वैद्य म्हणत हुते, अजून आठ दिस ऱ्हावा. पर मला कुठला दम निघतोय!"

परी खुदकन हसली. तिचे पंख लखलखले आणि पाण्यावरच्या उजेडात ती विरघळून गेली. ते बकुळानं पाहिलंच नाही. ती आईच्या कुशीत तोंड खुपसून बसली होती. दोन्ही होड्या घराकडे निघाल्या होत्या आणि काठ येईपर्यंत वारा एकदाही फिरला नाही.