पांडूशेटच्या घरातली तीन कमळं

"भिकाजी, हे घर घ्यावं की नको? दिवे लागायच्या आत सांग!"

हैबतराजांनी एवढं म्हटलं आणि भिकाजी गवंड्याच्या हातातली थापी सुटली. आणि राजांचं बोलणं तर अजून संपलं नव्हतं.

"कौल हलवायचं नाही, भिंत खरवडायची नाही, मालकाला एक शब्द विचारायचा नाही! पांडूशेटला मी तसं वचन देऊन बसलोय. घर कुठे गळतं आणि घेण्याजोगं आहे का, तेवढं सांग. चुकलास तर थापी-ओळंबा इथेच ठेवायचा आणि आंबेखोल गाव सोडायचं!"

"पण महाराज, चैत्राचं कडक ऊन! आत्ता गळणार कसं?"

"ते मला ठाऊक असतं तर तुला कशाला बोलावलं असतं?"

घर महादेवाच्या देवळाला लागून होतं. राणी अंबिकाबाईंनी सोळा सोमवारांचा संकल्प सोडला होता. श्रावणात व्रत धरायचं, मार्गशीर्षात उद्यापन करायचं आणि यात्रेकरूंसाठी देवाच्या दारी धर्मशाळा उघडायची. जागा हीच हवी होती. पांडूशेट वाण्याला हे कळलं मात्र, त्याने घराला चुना फासला, भुई सारवली, भाव सांगितला आणि वर राजांकडून वचन घेतलं, की माझ्या घराला कुणी हात लावणार नाही!

भिकाजी घरी आला तो डोक्याला हात लावूनच बसला.

"मामंजी, पान वाढलंय," त्याची सून गोजरा म्हणाली.

"पान कसलं, पोरी? उद्या कुठल्या गावचं पाणी प्यायचं तेच कळेना!" त्याने सगळं सांगितलं.

गोजराने ऐकून घेतलं. महादेवाचं नाव घेतलं, पदर नीट केला. "मामंजी, पांडूशेटच्या सरसाबाई शेटाणींकडे आज चैत्रगौरीचं हळदीकुंकू आहे."

"अगं, विचारायचं नाही म्हणून सांगितलंय ना!"

"मी कुठे विचारणार आहे? मी डाळ खाणार आहे."

आणि तिने खरोखरच डाळ खाल्ली. दोनदा घेतली. पन्हं प्यायली. मग सरसाबाईंना म्हणाली, "काकू, गौरीपुढची रांगोळी पुसट झालीय. मी काढू का?"

"काढ की गं, बाई!"

गोजराने गौरीपुढे चैत्रांगण काढलं. मग एक कमळ ईशान्येच्या कोनाड्याखाली काढलं, एक कोठीच्या खोलीत आणि एक झोपायच्या खोलीत, भिंतीशी.

"अगं, तिथे कोण बघणार आहे?" सरसाबाई म्हणाल्या.

"महाराज बघतील," गोजरा म्हणाली. सरसाबाईंना वाटलं, पोर थट्टा करतेय.

ऊन उतरायला लागलं तसे राजा, राणी आणि पांडूशेट त्या घराच्या ओसरीवर जमले.

"बोल, भिकाजी!"

"महाराज, माझी सून बोलेल."

"घर तीन ठिकाणी गळतं, महाराज," गोजरा म्हणाली. "जिथे कमळं काढलीत, तिथे."

"खोटं!" पांडूशेट ओरडला. "माझ्या घरात थेंब गळत नाही! वाटलं तर पावसाळाभर बसून बघा!"

"तेवढं कशाला?" गोजरा म्हणाली. "देवळाच्या ओवरीच्या छपरावर पखालवाला चढवा. तिथून या कौलांवर चार पखाली पाणी सोडायचं. घराला हात लागत नाही."

"हे चालणार नाही! मला न विचारता पाणी?"

"शेटजी, पाऊस तरी कुठे विचारून येतो?"

राजांनी मान डोलावली. पखालवाला वर चढला, बाकीचे आत जाऊन बसले. पहिली पखाल रिती झाली. आत काहीच नाही! पांडूशेटने मिशीवरून हात फिरवला. पण कौलांवरचा आवाज ऐकताच सरसाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. हातात घंगाळ, पातेलं आणि तपेली. कुणाला काही न विचारता त्यांनी तिन्ही भांडी तिन्ही कमळांवर ठेवली आणि परत आत गेल्या.

दुसरी पखाल ओतली. टप! टप! टप!

पातेल्याचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

"तुला कसं कळलं?" राजांनी विचारलं.

"महाराज, बसलेले देव कुणी उगाच उठवत नाही. ईशान्येचा कोनाडा रिकामा आणि देव माजघरात पाटावर. कोठीची खोली मोकळी आणि धान्याची कणगी आतल्या बोळात. पलंग भिंत सोडून दाराशी तिरका. उठताना शेटजींचा गुडघा रोज चौकटीला लागत असेल."

पांडूशेटचा हात गुडघ्याकडे गेला.

"म्हणजे घर नको," राजे उठले. राणीसाहेबांचा चेहरा उतरला.

"घ्या, महाराज!" गोजरा म्हणाली.

"गळकं घर?"

"कौलं गळतात, लाकूड पक्कं आहे. माजघराच्या तुळईला झोपाळा टांगलाय. शेटजी रोज जेवून त्याच्यावर घोरतात, सगळ्या गल्लीला ऐकू येतं. तुळई किडलेली असती तर ते सतरंजीवर घोरले असते."

"पण मी भाव कबूल केलाय, तो मोडणार नाही! दुरुस्तीला वर एक कवडी देणार नाही! आणि घर मला कोरडं हवं! आता सांग!"

भिकाजीने डोळे मिटले.

"भाव तोच द्या, महाराज, पण दसऱ्याला," गोजरा म्हणाली, "म्हणजे पावसाळा सरल्यावर. तोवर शेटजींनी इथेच राहावं, भाडंही नको. फक्त देव आपल्या कोनाड्यात, कणगी कोठीत आणि पलंग भिंतीशी. थेंब गळत नाही असं शेटजीच म्हणाले. मग त्यांना कसली अडचण?"

पांडूशेटने कोनाड्यापाशी जाऊन वर बघितलं. वरून एक थेंब त्याच्या नाकावर पडला.

तेवढ्यात आतून सरसाबाईंचा आवाज आला, "अहो, उद्याच्या उद्या कौलं शाकारायला माणसं लावा! माझे देव आणि माझे गहू मी भिजू देणार नाही!"

हैबतराजे असे हसले, की पगडी सावरायला दोन हात लागले. राणीसाहेबांनी आपल्या गळ्यातली सोन्याच्या पुतळ्यांची माळ काढून गोजराच्या गळ्यात घातली. राजांनी भिकाजीला संस्थानचा मुख्य गवंडी केलं आणि नदीकाठचं शेत दिलं.

पण भिकाजीला ते शेत बघायला जायला सवड झाली नाही. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत पांडूशेट स्वतः त्याच्या दारात उभा होता, कौलं शाकारायला चल म्हणत.