जत्राबाईच्या वरचं नाव

आगगाडीची शिट्टी या मुलखानं अजून ऐकली नव्हती, त्या काळची ही गोष्ट. दूधगंगेच्या काठी बोरपाळे नावाचं गाव. गावची जत्रा एवढी मोठी की गाड्या सोडायला माळ पुरत नसे. एका वर्षी जत्रा उठली, गाड्या चहूकडे पांगल्या, धूळ खाली बसली आणि मोकळ्या माळावर दोन-अडीच वर्षांची एक पोर तेवढी उरली. तिच्या हातात बत्तासा होता. बत्ताशाला मुंग्या लागल्या, पण पोरीला एकही चावली नाही, असं म्हणतात.

गावानं वाट पाहिली, आसपास निरोप धाडले. कुणीच आलं नाही. मग तुळसाक्का नावाच्या एका विधवेनं तिला घरी नेलं. जत्रेनं दिली, म्हणून नाव ठेवलं जत्री.

जत्री वाढली ती प्रश्न विचारत. "आक्का, मी कुणाची गं?"

"माझी."

"आन् त्याच्या आधी?"

"आधी गप बस आन् भाकर खा."

गप बसेल तर ती जत्री कसली! तिचं नाक जरा डावीकडं झुकलेलं होतं. दरवर्षी जत्रेत ती तसं नाक शोधत फिरायची. एकदा एका कासारणीच्या मागं थेट नदीपर्यंत गेली. ती बिचारी चोर समजून बोंबलायला लागली. तसं नाक जत्रीला उभ्या जन्मात दिसलं नाही.

पुढं ती लग्नाची झाली. पैलतीरावरच्या रायाप्पा चौगुल्याच्या सातूला ती आवडली, तिलाही तो आवडला. रायाप्पा मात्र कुळाचा पक्का. तो म्हणाला, "पोरगी लाखात एक हाय. पर कूळ कुठलं? हेळव्यानं हिच्या वरची तीन नावं सांगू देत, मगच कुंकू लावतो."

हेळवी म्हणजे बैलावर बसून गावोगाव फिरणारा माणूस. घराघराची वंशावळ त्याला तोंडपाठ. या भागातला हेळवी निंगाप्पा. तो खोटं बोलला तर खालचा बैल जागचा हलणार नाही, असं म्हणतात. खरंखोटं कुणी करून पाहिलं नव्हतं, कारण खोटं बोलायला तो कधी धजलाच नव्हता.

सुगीनंतर निंगाप्पा आला, तशी तुळसाक्का वेशीतच त्याला आडवी गेली. "माझ्या दादल्याच्या घरातली तीन नावं सांग बाबा. मेलेली माणसं काय तक्रार करायला येत न्हाईत."

म्हातारीचे डोळे बघून निंगाप्पा विरघळला. हो म्हणणार, तोच मागून जत्री बोलली, "नगं. लगीन मोडलं तर मोडू दे. जलमभर इचारत आले, ते खोट्यानं मिटवू नगासा." सातू तिला हवा होता, फार हवा होता.

देवळापुढं गाव जमलं. निंगाप्पा बैलावर बसला, पण काय बोलावं त्याला सुचेना. वेळ काढायचा म्हणून तो म्हणाला, "रायाप्पा, आधी तुझं सांगतो." आणि तो नावं चढत गेला. रायाप्पाचा बाप दुंडाप्पा, दुंडाप्पाचा बाप सिदनाक, त्याचा बाप तुकाप्पा. रायाप्पाची छाती फुगत चालली. शेवटी निंगाप्पा म्हणाला, "त्याचा बाप मल्हारी. डोक्यावर मडकं घिऊन एकला नदी उतरून आला." आणि थांबला.

जत्रीला राहवलं नाही. "आन् मल्हारीचा बाप?"

"ठावं न्हाई, पोरी."

"म्हंजे त्योबी माझ्यावाणीच?"

निंगाप्पा हसला, अगदी मनापासून. "समद्यांचंच तसं हाय गं. कुणाचं लई वर गेल्यावर अडतं, तुझं पयल्याच पायरीला." तेवढ्यात त्याचा बैल गुडघे टेकून जत्रीपुढं बसला, असं म्हणतात.

रायाप्पानं डोकं खाजवलं. "मल्हारीचा बाप कोण, हे माझ्याच्यानं कवा इचारवलं न्हाई," तो म्हणाला. "आता मला झोप न्हाई यायची." मग त्यानं कुंकवाचा करंडा मागितला आणि हेळव्याला विचारलं, "पर उद्या नातवंडांनी इचारलं तर हिच्या वर काय सांगायचं?"

"जत्रा," निंगाप्पा म्हणाला.

जत्रीची जत्राबाई झाली, तिचा वंश वाढला. आजही त्या वंशातली माणसं आपलं मूळ शोधत लांबून येतात. हेळवी नावं चढत जातो, जत्राबाईपाशी थांबतो आणि विचारतो, "हिच्या वर?" अंगणातली लहानथोर एका आवाजात ओरडतात, "जत्रा!"

पण सासरी नांदतानाही जत्राबाई दरवर्षी जत्रेला यायची आणि शेवटची गाडी जाईस्तोवर माळावरून हलायची नाही. जत्राबाई वारल्यावर तिच्या घरातल्या वडीलधाऱ्या बाईनं तिची जागा घेतली. अजूनही जत्रा उठताना ती बाई माळाच्या मधोमध उभी राहते आणि हाक घालते, "कुणाचं कोण ऱ्हायलंय का?" गाडीवान कासरे ओढून धरतात, ट्रॅक्टरवाले इंजिन बंद करतात. जो तो आपली पोरं चाचपून बघतो. गाडीगाडीतून "आमची समदी हाईत" असं उत्तर आल्याशिवाय बोरपाळ्याच्या माळावर एकही चाक हलत नाही.