हलवायाने आणलेली ज्योत

डोंगराच्या पायथ्याला एक लहानसे गाव होते. तिथे विसोबा नावाचा हलवाई राहत असे. त्याच्या पेढ्यांसाठी दूरदूरची गिऱ्हाइके येत. विसोबा दिवसभर कढईपाशी बसे, आणि पेढा साधला की नाही ते स्वतः खाऊन बघे. असे करता करता तो इतका सुटला की चार पावले भरभर टाकली तरी त्याला धाप लागे.

त्याची एकुलती एक मुलगी बायजा. एका उन्हाळ्यात ती तापाने फणफणली. औषध लागू पडेना. तेव्हा विसोबाने डोंगरावरच्या देवीला नवस केला, "आई, माझी पोर बरी होऊ दे. या नवरात्रात तुझी ज्योत मी स्वतः गावात आणीन."

बायजा बरी झाली. आता नवस फेडायचा होता.

त्या गावची रीत अशी होती. घटस्थापनेच्या पहाटे देवीच्या समईवर मशाल पेटवायची आणि ती घेऊन डोंगरावरून गावातल्या देवळापर्यंत यायचे. वाटेत ज्योत थांबवायची नाही, जमिनीला टेकवायची नाही, दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. प्रत्येक वळणावर देवीचा उदो करायचा. त्या ज्योतीवर देवळातला दिवा लागला की मग घरोघरी घट बसत. ज्योत वाटेत विझली, तर सारे गाव वर्षभर धास्तीत राही.

आजवर हे काम विसोबाचा मेहुणा सर्जेराव करत आला होता. तो सशासारखा चपळ. नवसाची गोष्ट ऐकून तो हसला.

"दाजी, मशाल माझ्याकडेच असू द्या. तुम्ही आपले मागून प्रसादाची परात घेऊन या."

विसोबाच्या ते जिव्हारी लागले. दुसऱ्या दिवशी उजाडताच त्याने अंगाभोवती घोंगडी गुंडाळली. जितका घाम जास्त तितकी चरबी जास्त वितळेल, असे त्याला वाटले. मग कुत्रे मागे लागल्यासारखा तो बांधावरून धावत सुटला. गावाबाहेरच्या वडाच्या झाडापर्यंतही पोहोचला नाही. डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तो कोसळला. लोकांनी त्याला बैलगाडीत घालून घरी आणले. अंगात ताकद यावी म्हणून बायकोने तुपातला शिरा केला. विसोबा तो खात अंथरुणात पडून राहिला. उठला तेव्हा पोट होते त्याहून वाढले होते. तो पुन्हा तसाच धावला, आणि पुन्हा तसाच अंथरुणाला खिळला.

पावसाळा निम्मा सरला. नवस चुकणार या भीतीने विसोबाला झोप लागेना.

एका सकाळी त्याची राहीआत्या उशाशी येऊन बसली.  तिने विचारले, "विसू, खवा कसल्या आचेवर आटवतोस रे?"

"मंद आचेवर, आत्या. जाळ वाढवला तर दूध बुडाशी करपतं."

"आणि अर्धवट सोडून झोपतोस का?"

"छे. आटेपर्यंत ढवळत बसतो."

"मग स्वतःलाच का करपवून घेतोस, बाळा?"

विसोबा उठून बसला. आत्याने त्याला सांगितले, की तोंडाने उदो म्हणता येईल इतक्याच वेगाने पळ. आवाज फुटेनासा झाला की चाल. दम परत आला की पुन्हा पळ. मध्ये एखादा दिवस पायांना विसावा दे. आणि घरी आल्यावर शिरा मागू नकोस, भाकरी खा.

विसोबाने घोंगडी टाकून दिली. तो थोडा पळे, थोडा चाले. पाण्याला निघालेल्या बायका त्याला मागे टाकून जात आणि पदराआड हसत. तो मान खाली घालून उदो म्हणत राही. हळूहळू चालणे कमी झाले, पळणे वाढले. वडापर्यंतची वाट अपुरी पडू लागली, तसा तो डोंगराच्या चढाला लागला. त्याची बंडी सैल झाली. तो काही सडपातळ झाला नाही, पण आता त्याचा दम टिकू लागला.

घटस्थापनेची पहाट आली. विसोबाने मशाल उचलली. सर्जेराव तेलाची बुधली घेऊन बरोबर निघाला. विसोबा जपून पळत होता. दम लागला की चालत होता. प्रत्येक वळणावर त्याचा उदो ऐकू येत होता. सर्जेराव चिडला.

"दाजी, आजवर कुणी ज्योत चालवत आणली नाही."

विसोबाने पुढच्या वळणावर उदो केला.

वेशीवर सारा गाव जमला होता. हलगी वाजत होती. विसोबाला चालताना बघून कोणीतरी मोठ्याने म्हणाले, "आता घट उद्याच बसवा."

हशा पिकला. विसोबाचे कान तापले. समोर देवळाच्या पायरीवर बायजा उभी होती. तिच्यासमोर हसे नको, म्हणून तो सारे विसरला आणि जोरात धावत सुटला.

वारा मशालीवर आदळला. ज्योत मागे वाकली, लहान झाली, निळी पडली. वळण आले. विसोबाने तोंड उघडले, पण आवाज फुटला नाही. हलगी थांबली. बुधलीतले तेल संपले होते. सर्जेरावने घाबरून हात पुढे केला.

"द्या इकडे, दाजी. विझेल."

मशाल दिली तर नवस मोडणार होता. धावले तर ज्योत जाणार होती.

विसोबाने पाऊल आखडले. साऱ्या गावादेखत तो चालू लागला. मशाल छातीसमोर धरून, दुसऱ्या हाताचा आडोसा करून, एक एक पाऊल टाकत. कोणी हसले नाही.  ज्योत क्षणभर थरथरली, मग हळूच उभी राहिली. विसोबाचा श्वास जागेवर आला. त्याने हलक्या आवाजात उदो केला आणि पुन्हा सावकाश पळू लागला.

तो पायरीशी येताच बायजाने देवळातला दिवा पुढे धरला. वात पेटली.

सर्जेरावने प्रसादाची परात उचलली आणि तो विसोबाच्या मागून देवळात गेला.

तात्पर्य: अंगाची चरबी एका दिवसाच्या भडक्याने जळत नाही, श्वास जपून, गरज पडली तर लोकांदेखत चालून, जो नेमाने पळत राहतो, त्याचेच शरीर हलके होते.