मुंग्यांसाठी हलका पोपट

त्या राज्यात विहिरी हुकमाशिवाय उघडत नसत, आणि विहिरींची भाषा पोपटांखेरीज कुणालाही येत नसे. म्हणून ज्याला पाणी हवं त्याने राजाच्या कोठारातून पोपट मागवायचा, असा शिरस्ता होता.

पोपट बांधून पाठवण्याचं काम सुगरण पक्षिणीकडे होतं. ते तिच्याइतकं नेटकं कुणाला जमत नाही असं सगळे म्हणत, विशेषतः ती स्वतः. तिच्याकडे तऱ्हेतऱ्हेचे गठ्ठे मिळत. राजवाड्यासाठी झोका, आरसा आणि मिरच्यांची माळ यांसकट भरगच्च पोपट; मठांसाठी गाणी न येणारा; आणि संशयी गिऱ्हाइकांसाठी, आपण काय करतोय ते पायरीपायरीने सांगत सुटणारा. प्रत्येकावर चिठ्ठी असे : सोबत काय काय लागेल.

एका उन्हाळ्यात मुंग्यांची राणी दारात आली. वारुळात चार दिवसांचं पाणी उरलं होतं आणि गठ्ठा माळरानावरून डोक्यावर न्यायचा होता.

"सुगरणबाई, झोका नको न् माळ नको. नुसतं बोलणं तेवढं द्या."

सुगरणीला दया आली, आणि खरं सांगायचं तर हलका गठ्ठा बांधायची खुमखुमीही आली. तिने झोका, माळ, आरसा सगळं काढलं आणि पोपटाला आपल्या घरट्यात एकदा बोलवून पाहिलं. तो घडाघडा बोलला. तिने चिठ्ठीवर लिहिलं, 'सोबत काहीही लागत नाही.'

वारुळाशी पोचल्यावर पोपट मिठाची गुळणी धरून बसला. राणीने निरोप धाडला. सुगरणीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने तसाच दुसरा पोपट घरट्यात बोलवून पाहिला आणि उलट निरोप दिला, "इथे तर उत्तम बोलतो. तुम्हीच नीट विचारलं नसेल."

तिसऱ्या दिवशी राणी स्वतःच पोपट घेऊन परतली. बरोबरच्या निम्म्या मुंग्या तहानेने वाटेतच बसल्या होत्या. घरट्यात शिरताच पोपट बोलू लागला. राणीने सुगरणीकडे पाहिलं. सुगरणीला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली.

कोठाराचा म्हातारा रखवालदार कासव खाली उभा होता. "बाई, एखादं रिकामं घरटं आहे का?"

"रिकामं कशाला?"

"बघू तरी."

तिने घाईघाईने एक विणलं. त्यात पोपट गप्प. झोका टांगला, तर झुलला. मिरची दिली, तर खाल्ली. आरसा लावला आणि समोर कुणीतरी ऐकणारं दिसताच त्याचं तोंड सुटलं, ते आवरेना. सुगरणीने मान वळवून आपल्या घरट्याकडे पाहिलं. राजवाड्याच्या गठ्ठ्यांसाठी आणलेले चार आरसे तिथे भिंतीवर लटकत होते. ती मनापासून शरमली. आरशाचा तुकडा चोचीत धरून, पोपटाला सोबत घेऊन ती स्वतःच माळ ओलांडून गेली, आणि संध्याकाळच्या आत वारुळाची विहीर उघडली.

पुढे उंदरांनी त्याहून हलका, आरसाही नसलेला पोपट मागितला. सुगरणीने रिकाम्या घरट्यातली काडी न् काडी झाडून काढली, पोपट आत ठेवला आणि ऐकायला त्याच्यासमोर बसली.

"बाई," कासव खालून म्हणाला, "बाहेर या."

"मी?"

"घरटं रिकामं हवं ना?"

सुगरण बाहेर आली, दाराखाली उलटी लटकली आणि कान देऊन राहिली. आतून बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही.