बिजागरीचा हट्ट

पूर्वी एका गावी अंतोबा गाडीवानाच्या गाडीखान्याला जड सागवानी दार होते. ते उघडताना वरची बिजागरी इतकी किंचाळे की सारी आळी कुरकुरे. अंतोबा रोज तिच्यावर तेल ओतून मोकळा होई.

"किती गं ओरडशील?" तेलाची बुधली एकदा म्हणाली. "खालची बघ, कशी मुकाट फिरते!"

"तिचे खिळे घट्ट आहेत, माझे निसटत चालले आहेत. मी काही मारुती नव्हे, नुसत्या तेलाने प्रसन्न व्हायला! उद्या हे दार बैलांच्या अंगावर कोसळेल."

"अशाने तुलाच मोडीत काढतील."

"काढू देत. येथे आहे तोवर गप्प बसणार नाही."

दुसऱ्या सकाळी ती अशी कडाडली की बैल उंबरठ्यातच थबकले. संतापलेला अंतोबा तिला उपटून काढायला शिडीवर चढला. हात लावताच दोन खिळे अलगद त्याच्या तळव्यात आले. त्याने एकवार दाराकडे पाहिले, मग खाली उभ्या बैलांच्या मानांकडे.

त्याने लांब, नवे खिळे ठोकले. सायंकाळी दार निःशब्द मिटले.

"घाबरलीस वाटते?" बुधलीने डिवचले.

"सांगायचे ते सांगून झाले," बिजागरी म्हणाली. "आता दे थेंबभर तेल."