नळाचं फडकं

पाड्यावर नळ येऊन वर्ष झालं होतं आणि भांडी अजून बोलत होती, तेव्हाची ही गोष्ट. पोरांची पोटं पुन्हा बिघडली, तशी सुगंधाकाकूंनी आपली तांब्याची कळशीच चिंचेनं घासघासून काढली.

कळशीचं अंग चुरचुरत होतं. नळाखाली ठेवल्यावर तिनं नळाच्या तोंडाला बांधलेल्या फडक्याला विचारलं, "तू इथं काय करतोस रे?"

"पाण्यातली घाण अडवतो," फडकं ऐटीत म्हणालं. "कणसुद्धा खाली जाऊ देत नाही."

"मग अडवलेली घाण जाते कुठं?"

फडकं विचारात पडलं. "मला बांधल्यापासून कुणी सोडून धुतलंच नाही गं."

"म्हणजे वर्षभराची घाण..."

तेवढ्यात काकूंनी नळ सोडला. कळशीनं तोंड मिटून घ्यायची फार धडपड केली, पण कळशीला तोंड कुठं मिटता येतं?