कढीवरचा हात

दामोदर सबनिसांच्या घरात कांदासुद्धा येत नसे, पण त्यांचा स्वतःचा बिअरचा कारखाना होता आणि तिथं त्यांच्या शब्दापुढे बोलायची कोणाची टाप नव्हती. दूध-मधही वर्ज्य मानणाऱ्या व्हीगन मंडळींच्या मेळाव्याचा खर्च त्यांनीच उचलला होता. आणि मेळाव्यासाठी बिअर निवडायला आलेल्या मृदुला भोईरनं कारखान्यातल्या जेवणाच्या टेबलावरून नेमकी त्यांचीच बाटली बाजूला सारली.

"ही नितळ करायला माशाच्या पोटातल्या पिशवीची भुकटी घालता ना?"

सबनीस कडाडले, "ती गाळासकट तळाशी बसते, बाई! वरच्या बिअरमध्ये मासा औषधालाही सापडायचा नाही. ही बाटली नसेल, तर उद्याचा मेळावाही नाही!"

मृदुलानं कामगारांच्या खानावळीतून एक सुका बोंबील मागवला आणि सबनिसांच्या कढीच्या वाटीवर धरला.

"बुडवते, काढते आणि गाळून देते."

सबनिसांनी झटकन वाटीवर हात ठेवला.

"काढा की हात, साहेब. कढीत मासा कुठं राहणार आहे?"

हात काही हलेना. सबनिसांनी दुसऱ्या हातानं आपली बाटली उचलली आणि स्वतःच्याच खुर्चीखाली ठेवली.

"मेळावा उद्याच आहे," ते पुटपुटले. "आधी तो बोंबील न्या."